डब्ल्यूटीओचा कायदा अभ्यासताना या चुका टाळा

जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) कायद्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच असतं. वाचलेलं वाक्य कोणाचं आणि खटल्याच्या कोणत्या टप्प्यावरचं, हे तपासायचं राहून जातं. सरावासाठी साखरेचा वाद घ्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने भारताविरुद्ध नेलेली ही प्रकरणं, वाद क्रमांक डीएस ५७९, ५८० आणि ५८१. वाद उसाच्या एफआरपीवरही, म्हणजे कारखान्यांनी द्यायच्या सरकारने ठरवलेल्या किमान भावावरही असल्याने महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला पार्श्वभूमी निराळी शिकावी लागत नाही.

पहिली चूक, पक्षकाराचा युक्तिवाद निकाल म्हणून उतरवणं. एफआरपी कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, म्हणून हा मार्केट प्राइस सपोर्ट (भाव ठरवून दिलेला आधार) नव्हे, हे भारताचं म्हणणं होतं. पॅनेलने, म्हणजे वाद आधी ऐकणाऱ्या मंडळाने, ते फेटाळलं. पॅनेलच्या अहवालात कारणमीमांसा बहुधा सातव्या प्रकरणात आणि अंतिम निष्कर्ष आठव्यात असतात. आधी आठवं वाचा, मग सातव्यात मागे जा.

सर्वात जास्त घोळ होतो तो गणितात, कारण सपोर्ट म्हणजे सरकारचा खर्च असं गृहीत धरलं जातं. डब्ल्यूटीओच्या कृषी कराराच्या परिशिष्ट ३, परिच्छेद ८ प्रमाणे सरकारने ठरवलेल्या भावातून स्थिर बाह्य संदर्भ किंमत वजा करायची आणि उरलेल्या फरकाला त्या भावास पात्र उत्पादनाने गुणायचं. ही संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ या वर्षांवर बेतलेली आहे. तिच्या जागी आजचा जागतिक भाव घातला की उत्तर चुकलंच. कल्पित आकडे घेऊ: संदर्भ किंमत टनाला १०० रुपये, ठरवलेला भाव २५०, पात्र उत्पादन १० टन. सपोर्ट झाला १,५०० रुपये, तिजोरीतून एक पैसाही न जाता. त्या पिकाच्या एकूण उत्पादनाचं मूल्य २,५०० रुपये धरलं, तर विकसनशील देशासाठी अशा सपोर्टची त्या मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा फक्त २५० रुपये. पॅनेलच्या मते भारताने २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत ही मर्यादा ओलांडली.

१९८६-८८ च्या किमतीशी आजचा भाव ताडून पाहणं अन्यायाचं आहे, आणि भारताची ही तक्रार रास्तच आहे. पण कायदा काय आहे आणि काय असायला हवा, हे उत्तरात वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. अतिरिक्त महागाईचा विचार करण्याबद्दल कृषी कराराचं कलम १८.४ आहे, ते तिथे जोडा.

अहवाल आला म्हणजे निकाल लागला, असंही समजू नका. साखरेचा अहवाल १४ डिसेंबर २०२१ ला प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात भारताने अपील केलं. एका अपिलासाठी तीन सदस्य लागतात. तेवढे नसल्याने अपिलेट बॉडी (डब्ल्यूटीओचं अपील मंडळ) डिसेंबर २०१९ पासून नवी अपिलं ऐकू शकत नाही. डीएसयूच्या (वाद सोडवण्याच्या नियमांच्या कराराच्या) कलम १६.४ प्रमाणे अपील संपेपर्यंत अहवाल स्वीकृतीसाठी विचारात घेतला जात नाही. मूट कोर्टाच्या (सरावाच्या खटल्याच्या) मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, अहवालाचा दाखला देताना तो स्वीकृत आहे की अपिलात, हे लिहाच.

गॅटच्या, म्हणजे वस्तू-व्यापाराच्या कराराच्या, कलम २० मध्ये (नियमांना असलेले अपवाद) विद्यार्थ्यांकडून क्रम उलटा होतो. आधी (क) ते (ञ) असा कुठला तरी उपपरिच्छेद लागू होतो का ते बघायचं, मग प्रास्ताविक भागाची कसोटी. भारतही तक्रारदार असलेल्या कोळंबी-कासव खटल्यात पॅनेलने प्रास्ताविकापासून सुरुवात केली आणि १९९८ मध्ये अपिलेट बॉडीने ती चूक ठरवली. अमेरिकेचा उपाय (कोळंबीवरची आयातबंदी) उपपरिच्छेदात बसला, पण प्रास्ताविकात नापास झाला.

बाउंड रेट (आयात शुल्काची देशाने कबूल केलेली कमाल मर्यादा) आणि प्रत्यक्ष आकारलेला दर यांत गल्लत नको. कच्च्या पामतेलावर भारताची बाउंड मर्यादा ३०० टक्के, सोयातेलावर ४५ टक्के. मर्यादेच्या आत दर वाढवला तर गॅटच्या कलम २ चा भंग होत नाही.

राहिला प्रश्न आपल्या न्यायालयांचा. ट्रिप्सचा (डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदा कराराचा) भंग झाला म्हणून भारतीय कायदा थेट रद्द होईल, असं लिहू नका. पेटंट कायद्याचं कलम ३(डी) ट्रिप्सशी सुसंगत आहे का, हे तपासायला मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या याचिकेवर नकार दिला होता. अशी तक्रार दुसऱ्या सदस्य देशानेच जिनिव्हात डब्ल्यूटीओकडे न्यावी लागते. कंपनीला ती वाट नाही.