रेणूची एक आकृती दुसऱ्या आकृतीत कशी बदलावी

लातूर-नांदेडकडे अकरावीत शिकणारी अनेक मुले रेणूची त्रिमितीय रचना कागदावर दाखवणाऱ्या फिशर, न्यूमन आणि पाचर आकृत्यांचे नियम पाठ करतात आणि आठवडाभरात विसरतात. आकृती बदलली तरी रेणू तोच राहतो, बदलते ती फक्त पाहणाऱ्याची जागा. त्यामुळे ‘मी कोठून पाहतो आहे?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी आधी विचारावा.

दह्यातील लॅक्टिक आम्लापासून सुरुवात करू. त्याच्या तीन कार्बनसाठी नागमोडी रेघ काढावी. रेघेचे प्रत्येक टोक आणि प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन. कार्बनवरचे हायड्रोजन लिहायचे नसतात, ऑक्सिजनवरचे मात्र लिहावेच लागतात. शेवटी प्रत्येक कार्बनचे चार बंध मोजून पाहावेत.

खरी अडचण त्रिमितीत येते आणि तेथे हाताशी प्रतिकृती असावी. कडब्यातील ज्वारीचे धाट सोलून पांढऱ्या गराचा तुकडा घ्यावा. हा मधला कार्बन. धाटाच्या सालीच्या चार काड्या त्यात एकमेकींशी साधारण 109.5 अंशांचा कोन होईल अशा खोचाव्यात आणि त्यांच्या टोकांना हायड्रोजन (H), हायड्रॉक्सिल (OH), मिथिल (CH3) व कार्बॉक्सिल (COOH) अशा चिठ्ठ्या लावाव्यात. लहानपणी याच गराच्या बैलगाड्या केलेल्या हातांना हे काम नवे नाही.

एमिल फिशर यांनी 1891 मध्ये मांडलेल्या पद्धतीत उभ्या रेषेवरचे गट कागदामागे आणि आडव्या रेषेवरचे आपल्याकडे आलेले असतात. कार्बॉक्सिल वर, मिथिल खाली, हायड्रॉक्सिल उजवीकडे आणि हायड्रोजन डावीकडे येईल अशी प्रतिकृती धरावी. आता ती जागेवरच ठेवून आपण तिच्या उजव्या बाजूला जावे. तेथून हायड्रॉक्सिल आपल्याकडे आलेला दिसतो, म्हणून त्याला भरीव पाचर. हायड्रोजन पलीकडे जातो, म्हणून त्याला तुटक पाचर. आणि कार्बनची साखळी कागदाच्या पातळीत येते. पाचर आकृती तयार झाली. दोन्ही आकृत्यांवरून आर की एस हे स्वतंत्रपणे ठरवावे: हायड्रोजन पलीकडे ठेवून हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, मिथिल या क्रमाने जाताना घड्याळाच्या काट्यांची दिशा आली तर आर, उलटी आली तर एस. येथे दोन्हीकडे आर यायला हवे. फिशर आकृतीत हायड्रोजन आडव्या रेषेवर, म्हणजे आपल्याकडे असल्यामुळे दिसणारी दिशा उलटी धरावी लागते, आणि बहुतेक चुका नेमक्या येथेच होतात.

फिशर आकृती कागदावर 180 अंशांत फिरवलेली चालते. 90 अंशांत फिरवली, तर मागचे गट पुढे येतात आणि आकृती आरशातील प्रतिमेची होऊन बसते.

न्यूमन आकृतीसाठी, म्हणजे दोन कार्बनांमधील बंधाच्या रेषेत पाहून काढलेल्या आकृतीसाठी, चिंचेतील टार्टारिक आम्ल घ्यावे. त्याच्या फिशर आकृतीत दोन्ही टोकांना कार्बॉक्सिल असतात, वरच्या मधल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल उजवीकडे आणि खालच्यावर डावीकडे. साखळीच्या माथ्यावरून खाली पाहावे. पुढचा कार्बन बिंदूने, मागचा वर्तुळाने दाखवावा. दोन्ही कार्बॉक्सिल वर, एकामागे एक येतात. पुढचा हायड्रॉक्सिल खाली उजवीकडे आणि मागचा खाली डावीकडे दिसतो. ही ग्रस्त रचना झाली, म्हणजे मागचे गट पुढच्यांच्या आड आले. मागचा कार्बन 180 अंशांत फिरवला की त्याचा कार्बॉक्सिल खाली, हायड्रॉक्सिल वर उजवीकडे आणि हायड्रोजन वर डावीकडे जातो, आणि मागचे गट पुढच्यांच्या मधल्या जागेत येणारी, अधिक स्थिर अशी सांतरित रचना मिळते.