लहान मुलांसाठी सुपरहिरोच्या जन्माची गोष्ट ॲनिमेट करताय? या चुका टाळा

माझी पहिली फिल्म चार मिनिटांची होती आणि त्यातली अडीच मिनिटं हिरोला शक्ती कशी मिळते यातच गेली, उल्का पडते, लॅब उडते, हिरवा उजेड, मी एकदम खूश, आणि भाची विचारते, "मामा, पण त्याला हवं काय होतं?" झालं कल्याण.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. शक्ती यायच्या आधी पोरगं कुठे अडतंय ते दाखवा. समजा एक बुटकी मुलगी आहे, फळीवरचा लाडवाचा डबा तिच्या हाताला लागत नाही, आता तिचा हात लांब झाला की पोरं टाळ्या वाजवतात कारण डबा त्यांनाही हवा असतो. आणि लगेच तो हात परत आखूड होईना, पार जिन्यात अडकला, तर अजून मजा. शक्तीने आधी घोळच घालायला हवा, पहिल्याच दिवशी शहर वाचवलं तर पुढे करायचं काय?

दुसरं म्हणजे ॲनिमॅटिक (फिल्मचा कच्चा, हलता आराखडा) न करता थेट चित्रं काढायला बसणं. स्टोरीबोर्डची, म्हणजे एकेका शॉटची कच्ची काढलेली चित्रं टायमिंगने लावा, कच्चा आवाज टाका, चारपाच पोरांना दाखवा आणि स्क्रीनकडे नाही, पोरांकडे बघा, चुळबुळ सुरू झाली की ती सेकंदं लिहून ठेवा. "आवडलं का" विचारू नका, हो म्हणतात हो ती, "आता तू सांग गोष्ट" म्हणा. जे विसरतात ते कापा.

केप आणि मोकळे केस! दिसतात भारी, पण हाताने काढताना प्रत्येक चित्रात ते परत हलवायचे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 1440. एक चित्र दोन फ्रेम धरलं (यालाच 'टूज' म्हणतात) तर 720 वर येतं. यात कमीपणा काही नाही, 2018 च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवखा माइल्स सुरुवातीला मुद्दाम टूजवर आहे आणि सोबतचा मुरलेला पीटर वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र), त्यामुळे पोरगा अडखळतोय हे नुसत्या हालचालीवरून कळतं. फक्त कॅमेरा सरकत असेल तर टूजवरचं पात्र थरथरल्यासारखं दिसतं, तेवढा शॉट वन्सवर करा नाहीतर कॅमेराच स्थिर ठेवा.

ओठ जुळत नसतील तर बहुतेक आवाज नंतर रेकॉर्ड केलाय. आधी आवाज, मग ओठ.

आणि उडायची पहिली प्रॅक्टिस गच्चीवरून दाखवू नका प्लीज. 1997 मध्ये 'शक्तिमान' सुरू झाल्यावर पोरं नक्कल करतील ही भीती आपल्याकडे घरोघरी होती. अंगणात, गवतावर, वीतभर उंच उडू दे, आपटला तरी हसूच येतं.