ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने यादी, भरायला बसलेली बहुतेक मुलं गेल्या वर्षीची कटऑफ यादी समोर ठेवतात आणि वरून खाली उतरत येतात. सगळ्यात जास्त पर्सेंटाइलला बंद झालेलं कॉलेज पहिलं, त्याच्या खालचं दुसरं. पालकांनाही तेच बरोबर वाटतं, कारण ‘मार्क वाया जायला नकोत’. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि दरवर्षी निकालानंतर मुलांचे फॉर्म बघून देते. माझं ठाम मत आहे की कटऑफवरून आपल्याला कुठे जागा मिळू शकेल हे कळतं, कुठे जावं हे कळत नाही. त्या जागेसाठी गेल्या वर्षी किती चढाओढ होती, एवढंच त्या आकड्यात असतं. तिथे शिकवतं कोण, लॅब चालू असतात का, चार वर्षांचा खर्च आपल्या घराला झेपेल का, हे तुम्हालाच शोधावं लागतं.

आधी ती यादी नीट वाचायला शिका. शाखेच्या नावाखाली जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एस असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींची राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्य पातळी. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीतून झाली, ते तुमचं होम. इस्लामपूरहून बारावी केलेला मुलगा शिवाजी विद्यापीठाचा. पुण्यातल्या कॉलेजात होम आणि बाहेरच्या जागा वेगळ्या असतील तर त्याने ओच्या रकान्यात बघायचं. एचचा आकडा बघून खूश झालेली मुलं मला दर वर्षी भेटतात आणि त्यांना समजावून सांगताना जीव तुटतो.

आता पैशांचं. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते. ऐकीव आकड्यावर विसंबू नका. त्यात होस्टेल आणि मेस धरलेली नसते, ती वेगळी मांडा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या, जागा बघा. तिथे शिक्षण शुल्क माफ होतं, बाकीची फी भरावी लागते. या जागांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी टी असतो. तो कोड फॉर्ममध्ये स्वतंत्र टाकला नाही, तर ती जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ती हातची गेली. एखाद्या ‘ओळखीच्या माणसाने’ पावतीशिवाय रक्कम मागितली, तर सरळ उठून या. १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे मंजूर फीच्या वर प्रवेशासाठी रक्कम, घ्यायला बंदी आहे.

प्लेसमेंटचे फ्लेक्स मी बघतच नाही. त्यावर एका मुलाचं पॅकेज मोठ्या अक्षरात असतं. बाकीच्यांचं काय झालं ते नसतं. त्यापेक्षा कॉलेज केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेत असेल, तर कॉलेजच्या संकेतस्थळावर त्याने त्यासाठी भरलेली माहिती शोधा. किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मध्यम म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या मुलाचा. फ्लेक्सवरच्या त्या एका मुलापेक्षा तुम्ही याच्या आसपास असण्याची शक्यता जास्त.

शाखा की कॉलेज, हा प्रश्न तर हमखास येतो. त्याचं एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. विट्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर वही घेऊन आली होती. वहीत सगळीकडच्या कॉम्प्युटर शाखा, कटऑफच्या क्रमाने. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. बोलता बोलता तीन फेजची मोटार एका फेजवर का घुरघुरते आणि का जळते, हे तिने मला इतकं स्वच्छ समजावलं की मी वही मिटून ठेवली. इलेक्ट्रिकल तिच्या यादीत कुठेच नव्हतं, कारण ‘त्याचा कटऑफ कमी आहे’. वडिलांनाही वाटत होतं की दुकानातलंच शिकायला एवढे मार्क कशाला. आम्ही तिघांनी बसून यादी पुन्हा लिहिली. सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सगळीकडचं इलेक्ट्रिकल वर घेतलं. तिला कॉम्प्युटर आवडत असतं तर मी तेच वर ठेवायला सांगितलं असतं.

कॉम्प्युटर किंवा एआय-डेटा सायन्स घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आवर्जून तपासावी. तांत्रिक शिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, त्यामुळे काही कॉलेजांत तुकड्या भराभर वाढल्या. जागा वाढल्या तेव्हा शिक्षक वाढले का? कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या मँडेटरी डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे सक्तीने जाहीर करायच्या माहितीत, शिक्षकांची यादी असते, ती मोजा. दर्जाच्या मानांकनांपैकी नॅक संपूर्ण कॉलेजला मिळतं, एनबीए एकेका शाखेला. ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ असं कुणी म्हणालं तर कोणती शाखा आणि कधीपर्यंत, हे विचारा. नव्या शाखेला सुरुवातीची काही वर्षं एनबीए मिळूच शकत नाही, म्हणून ते नाही एवढ्यावरून तिला बाद करू नका, तिथे शिक्षक जास्त बारकाईने बघा.

जमेल तर कॉलेज सुरू असताना एकदा जाऊन या. प्रवेश विभागात न बसता कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. या सेमिस्टरला प्रॅक्टिकल खरंच झाले का, की जर्नल उतरवून काढलं? सर तासाला येतात का? होस्टेलला पाणी असतं का? मुलं खरं बोलतात.

यादीचा क्रम लावताना ‘हे मिळणार नाही, खाली टाकू’ असं करू नका. गुणवत्तेप्रमाणे तुमची पाळी आली की वरच्या पर्यायापासून जागा शिल्लक आहे का ते पाहिलं जातं. अवघड पर्याय वर टाकल्याने खालचा हुकत नाही. पण पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. पुढच्या फेऱ्यांत ही अट आणखी पर्यायांना लागू होऊ शकते. त्या वर्षीची माहिती पुस्तिका त्यासाठीच वाचायची. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत कुठेही नको.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात पडताळणी बारावीचं वर्ष सुरू असतानाच मार्गी लावा. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र लागत असेल तर ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. ही कागदपत्रं मुदतीत आली नाहीत तर तुमचा विचार खुल्या प्रवर्गात होतो आणि केलेली सगळी यादी नव्याने मांडावी लागते.