‘टोमणा’ लिहिताना या चुका टाळा

मनाला लागेल असं काहीही बोललं की तो टोमणा, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. टोमण्यातले शब्द वरून साळसूद असतात, मार आडून बसतो. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत घड कमी लागलेले पाहून कोणी म्हणालं, ‘तुझी छाटणी चुकली’, तर ती टीका झाली. ‘चला, यंदा विरळणीचा खर्च वाचला तुमचा!’ हा टोमणा: विरळणी म्हणजे दाटी झालेले घड-मणी काढून टाकणं, आणि इथे मुळात घडच कमी.

शंका आली तर प्रसंग बाजूला ठेवून नुसतं वाक्य वाचा. तसंही ते बोचत असेल तर बहुधा तो अपमान किंवा पाणउतारा असतो. ही परीक्षा एका ठिकाणी फसते: लेकी बोले सुने लागे. तिथे शब्द उघड कडक असतात, फक्त ज्याला लागायचे तो माणूस दुसराच असतो. तोही टोमणाच.

क्रियापदाची गल्लत तर रोज दिसते. टोमणा ‘मारतात’; ‘टोमणा दिला’ किंवा ‘टोमणा केला’ मराठीत बसत नाही. ज्याला मारला त्याला ‘ला’ लागतो: ‘जावेला टोमणा मारला’. ‘जावेवर’ नको. ‘वर’ लागतो तो ताशेऱ्यांना, आणि ते ओढतात: ‘न्यायालयाने प्रशासनावर ताशेरे ओढले’. न्यायाधीशांच्या तोंडी टोमणे घालणारी बातमी वाचवत नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहायचं तर बोलणी खातात, टोमणे मात्र ऐकून घेतात.

शब्द पुल्लिंगी आहे: तो टोमणा, ते टोमणे, टोमण्याने, टोमण्यांचा. नाशिकच्या खेड्यापाड्यांत बोलताना ‘टोमना’ ऐकू येतं. बोलीत ते चालतंच, पण प्रमाण लेखनात ‘ण’ हवा.

मित्रामित्रांतल्या थट्टेला टोमणा म्हणू नका. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर उशिरा आलेल्याला ‘या साहेब, मिसळीचा रस्सा तुमच्यासाठीच थांबलाय’ म्हटलं, तर ती कोपरखळी. तिच्यात विखार नसतो. हेच वाक्य ऑफिसात वरिष्ठाने ऐकवलं तर टोमणा होईल, कारण तिथे उलट उत्तर देता येत नाही.

राजकीय बातमीत ‘टोमणा लगावला’ लिहिण्याची सवय लागली आहे. लगावतात तो टोला, आणि तो समोरून बसतो. नेत्याने विरोधकाचं नाव घेऊन सुनावलं असेल तर ‘टोला’ लिहा. नाव न घेता, दुसऱ्याच कोणाचं कौतुक करत बोलला असेल तर ‘टोमणा मारला’.