जुनं बाथरूम फोडण्याआधी काय काय हाताशी हवं

बाथरूमच्या कामाचा पश्चात्ताप साधारण ठरलेल्या वेळी होतो. जुन्या टाइल्स निघालेल्या असतात, कमोड काढून गॅलरीत ठेवलेला असतो, कोबा अर्धा खणून झालेला असतो आणि प्लंबर म्हणतो, "ताई, खालचा बिडाचा पाइप गेलाय, बदलावाच लागेल." तिथून मागे फिरता येत नाही आणि पुढचा खर्च कुणालाच सांगता येत नाही. पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत हे वाक्य ऐकायला मिळणारच, असं धरून चाला. टाइल्स कुठल्या घ्यायच्या यावर आपण महिनाभर बोलतो, पण काम अवघड होतं ते टाइल्सच्या खाली जे दडलेलं असतं त्याने. म्हणून तयारीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

आधी एक प्रश्न स्वतःला नीट विचारा: सगळं फोडायची खरंच गरज आहे का? खालच्यांच्या छताला ओल आली की पहिला सल्ला "तोडून नवीन करा" असाच मिळतो. पण ओलीचं वागणं बघा. ती दिवसरात्र सारखीच राहत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर. आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), जाळीची कड किंवा टाइल्सचे सांधे. फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर बहुधा बाहेरची भिंत. खाण्याचा लाल रंग पाण्यात घालून तो फरशीवर सोडून द्या आणि खाली तो कुठे उतरतो ते पाहा. टाइल्सवर नाण्याने टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो तेही पाहा. नुसते सांधे झिजले असतील तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पाणी न शोषणारा मसाला) भरणं आणि जाळी बदलणं एवढ्यावर भागू शकतं. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातला दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. अशा वेळी आधी लेखी तक्रार करा, फोटो ठेवा. एकदा आपण फोडलं की दोष कुणाचा होता ते दाखवायला काही उरत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चात येते, आपल्या न्हाणीघरातली आपल्या. हे वाद काम सुरू होण्याआधी मिटवायचे.

फोडायचंच ठरलं, तर कमिटीला पत्र द्या आणि उत्तरही लेखी घ्या. कामाची वेळ, दुपारी दोन ते चार बंद, रविवारी बंद, डिपॉझिट, लिफ्टमधून गोणी न्यायची की नाही, हे सगळं त्यात स्पष्ट हवं. "चालतं हो, करा" या तोंडी परवानगीवर काम सुरू केलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी हरकत घेतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजूच्या किंवा खालच्या घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर काम पुढे ढकला. हा साधा शेजारधर्म आहे. खालच्या घरी तर स्वतः जाऊन बोलून या. त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, म्हणजे नंतर जुना डाग कुठला आणि नवा कुठला यावर वाद होणार नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. काही इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला नसतो आणि आपले ड्रेनेजचे पाइप खालच्यांच्या छताखालून जातात. तसं असेल तर आपल्या कामाचा निम्मा भाग त्यांच्या बाथरूममध्ये शिडी लावून होणार. त्यांचं गावाला जाणं, त्यांचे पाहुणे हे सगळं आपल्या वेळापत्रकात धरावं लागतं.

आता राडारोड्याचा हिशेब. कागद-पेन घेऊन तो स्वतः करा. चार बाय सात फुटांचं बाथरूम, त्यात फूटभर खोल विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे २८ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा पाव ब्रासहून जरा जास्त. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण वजन टनाच्या पुढे जातं, फोडल्यावर माल फुगतो आणि त्यात भिंतींच्या टाइल्स, प्लास्टर वेगळंच. कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे गोण्या आणखी जड होतात. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने या गोण्या उतरवायला कोण येणार, गोणीमागे दर काय, इमारतीच्या आवारात त्या किती दिवस ठेवता येतील आणि शेवटी कुठे जाणार, हे ठेकेदाराच्या दरात आहे का ते विचारा. बहुतेक वेळा नसतं. रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पावसात त्याचा त्रास आपल्याच वस्तीला होतो. मुंबई महापालिकेने पैसे घेऊन डेब्रिज उचलण्याची सोय केलेली आहे. तुमच्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तशी चौकशी आधी करून ठेवा.

खरेदी. इथे माझं मत ठाम आहे: सगळा माल घरात येऊन पडल्याशिवाय हातोडा लावू द्यायचा नाही. कमोडचं उदाहरण घ्या. एस-ट्रॅपचा, म्हणजे ज्याचा निचरा खाली फरशीत जातो तो, कमोड निवडताना भिंतीपासून ड्रेनेजच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. बाजारात ते साधारण १००, २२० किंवा ३०० मिलिमीटरचं असतं. हे अंतर टाइल लागून तयार झालेल्या भिंतीपासून मोजायचं असतं. उघड्या विटेपासून मोजलं तर प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-सव्वा इंच खाल्ला जातो, आणि मग कमोड भिंतीला भिडतो किंवा पाइपावर बसत नाही. डायव्हर्टरचंही (गरम-गार पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला नळ) तसंच. त्याचा आतला भाग टाइल लागण्याआधी भिंतीत जातो, किती खोल बसवायचा ते कंपनीच्या कागदावर असतं, आणि तो नग हातात नसेल तर प्लंबर अंदाजाने खाच मारतो. टाइल्स घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना ते दुकानातच पाहा, आणि दहा टक्के जास्त घ्या. महिन्याभराने तीच टाइल मागायला गेलात तर नाव तेच मिळेल, छटा मिळेलच असं नाही. फरशीसाठी दोन बाय चारची चकचकीत टाइल शोरूममध्ये देखणी दिसते. पण छोट्या बाथरूममध्ये पाण्याला एका कोपऱ्याकडे ढाळ द्यायचा असतो, मीटरमागे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, आणि एवढी मोठी टाइल कापल्याशिवाय त्या ढाळावर बसत नाही. फूट बाय फुटाची, न घसरणारी खडबडीत टाइल घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर यावर चर्चाच नको. जुन्या टाइल्सवरच नव्या बसवण्याचा सल्लाही मिळेल. खर्च वाचतो हे खरं, पण फरशी वर येते, बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम खाली राहत नाही आणि पाणी उंबरठ्यावरून बेडरूमकडे निघतं. शिवाय खालची गळती असते तशीच राहते.

ठेकेदार "आठ-दहा दिवसांत देतो" म्हणतो. तो खोटं बोलतो असं नाही, तो फक्त हातांनी करायच्या कामाचे दिवस मोजतो. सिमेंटचे दिवस त्यात नसतात. फोडाफोडी, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, कोबा, प्लास्टर, टाइल्स, ग्राउट, फिटिंग, आणि मधे सिमेंटचं काम किमान सात दिवस ओलं ठेवणं, असं धरलं तर तीन-चार आठवडे सहज जातात. त्यात हे सगळे वेगवेगळे लोक: फोडणारे बिगारी वेगळे, प्लंबर वेगळा, टाइलचा मिस्त्री वेगळा. एकाची तारीख चुकली की मागच्या सगळ्यांच्या चुकतात. दिवाळीच्या आत उरकायचं म्हणून दसऱ्याला सुरुवात करू नका. प्रत्येकाला तेव्हाच हवं असतं, आणि दिवाळी-छटला बरेच कारागीर गावी जातात ते महिनाभर. कागदावर दर लिहून घ्या: मजुरी वेगळी की मालासकट, फोडणं आणि राडारोडा धरून की सोडून, टाइलच्या कडा ४५ अंशांत कापायच्या असतील तर त्याचे फुटामागे किती. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामाइतकेच. आणि अंदाजपत्रक जेवढं येईल त्याच्या पाव ते तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. सुरुवातीला म्हटला तो बिडाचा पाइप तिथूनच बदलायचा आहे.

घरात एकच बाथरूम असेल तर आंघोळ, कपडे, रात्री-अपरात्रीचं जाणं हे कुठे, ते आज ठरवा. शेजाऱ्यांशी बोलून किल्ली घ्या, नाहीतर सासू-सासऱ्यांना तेवढे दिवस दुसऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे पाठवा. आजारी माणसासाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. विटांची लाल धूळ बंद दारामागेही पोहोचते, म्हणून दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करा आणि कपाटं प्लास्टिकने झाका. आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते: गच्चीवरचा व्हॉल्व्ह. तो आदल्या आठवड्यात फिरवून पाहा. जुन्या इमारतीत तो गंजून घट्ट बसलेला असतो आणि जोर लावला की हातात येतो. शिवाय त्या एका लाइनवर वरखालची चार घरं असतात, तेव्हा पाणी कधी बंद राहणार ते त्यांनाही कळवायला हवं.

वॉटरप्रूफिंगच्या दिवशी सुट्टी घ्या. बाकी कुठल्याही दिवशी घरात नसलात तरी चालेल. स्लॅब झाडून, धुऊन स्वच्छ झाला का, पाइप स्लॅबमधून जातो तिथली गोल फट नीट भरली का, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलाई, मारला का, रसायनाचे दोन हात एकमेकांना आडवे बसले का, आणि ते भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून वर गेले का, हे डोळ्यांनी पाहायचं. मग पाइपाचं तोंड घट्ट बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारायची आणि ४८ तास कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. खाली जाऊन छत पाहून यायचं. कोबा झाल्यावर, टाइल लागण्याआधी, हीच चाचणी पुन्हा. मिस्त्री म्हणेल, "एकदा केली ना, आता कशाला?" पुन्हा करायला लावा. टाइल लागल्यावर सापडलेली गळती म्हणजे सगळा खर्च दुसऱ्यांदा.

भिंतीतले पाइप झाकले जाण्याआधी मोजपट्टी लावून फोटो काढा, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर हे त्यात वाचता आलं पाहिजे. डोंबिवलीला माझ्या जावेकडे आरसा लावायला आलेल्या माणसाने नेमका गरम पाण्याचा पाइप भोकला. पाइप भिंतीत तिरका नेलेला होता आणि तो कुठून गेलाय याची नोंद कुणाकडेच नव्हती. नव्या भिंतीतल्या चार टाइल्स फुटल्या. गीझरसाठी वेगळी वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) याच वेळी करून घ्या, त्यासाठी पुन्हा भिंत फोडायची वेळ येऊ नये.

एवढं करूनही मधेच एका संध्याकाळी वाटेल, की कशाला हात घातला यात. घर धुळीने भरलेलं, पैसे संपत आलेले, मिस्त्रीचा फोन लागत नाही. त्या संध्याकाळी कुठलाही निर्णय घेऊ नका, आणि "लवकर आटपा" तर मुळीच म्हणू नका, कारण घाईत कापले जातात ते सिमेंटचे दिवस. उरलेलं काम दोन भागांत लिहा: आत्ता केलं नाही तर पुन्हा फोडावं लागेल ते, आणि नंतरही करता येईल ते. पाइप, ढाळ, वॉटरप्रूफिंग पहिल्यात. काचेचं पार्टिशन, कपाट, फॉल्स सीलिंग दुसऱ्यात, आणि ते वर्षाने केलं तरी काही बिघडत नाही. पैसे कमी पडत असतील तर भारी नळ परत करून साधे घ्या, पण पाइप आणि वॉटरप्रूफिंगमध्ये रुपयाही कमी करू नका. संडास आधी चालू करून द्यायला सांगा. तेवढं झालं की घरातल्यांची चिडचिड निम्म्याने कमी होते. ठेकेदार दुसऱ्या साइटवर निघून गेला असेल तर झालेल्या कामाचे फोटो काढा, त्याला तारीख घालून मेसेज करा, आणि त्या तारखेला आला नाही तर दुसरा माणूस शोधा. पैसे कामाच्या पुढे दिलेले नसतील तर हे करता येतं.

शेवटचा हप्ता, एकूण रकमेच्या दहा टक्के तरी, बाथरूम पंधरा दिवस वापरून, खालचं छत पुन्हा पाहून मगच द्या. उरलेल्या टाइल्स भंगारवाल्याला देऊ नका. बॅच नंबरचं खोकं आणि बिल यांच्यासकट त्या माळ्यावर ठेवा.