रिपीटर एकट्याचा नसतो: हॅम क्लब चालवताना या चुका टाळा

जुलै २०२१. कोल्हापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता आणि शिरोळ भागात मोबाईल कधी लागायचा, कधी नाही. त्या रात्री आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबच्या रिपीटरवर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा लांबवर सोडणाऱ्या डोंगरावरच्या यंत्रावर, शहरातले दोन जुने सभासद कुठला रस्ता चालू, कुठला बंद यावर बोलत होते. माहिती कामाचीच होती. पण एकाचं वाक्य संपतंय न संपतंय तोच दुसऱ्याचं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलेलं. तिकडे कुरुंदवाडकडचा एक पोरगा हातातल्या पाच वॉटच्या सेटवरून मध्ये शिरायची धडपड करत होता. आजीचं इन्शुलिन संपत आलं होतं आणि गल्लीत बोट कधी येणार एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याला जागा मिळायला अकरा मिनिटं लागली. औषध पोचलं, आजी सुखरूप राहिल्या. ती अकरा मिनिटं मात्र मला अजून टोचतात, कारण त्या रात्री नेट सांभाळायचं, म्हणजे हवेवर कुणी कधी बोलायचं ते ठरवायचं, काम माझ्याकडे होतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो.

मध्ये फट न ठेवणं

एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरदार सिग्नल कमकुवत सिग्नलला गिळून टाकतो. राजारामपुरीतल्या गच्चीवरून पंचवीस वॉट निघत असतील, तर पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाच वॉट रिपीटरपर्यंत पोचूनही कुणाच्या कानावर पडत नाहीत. कधीकधी बारीक खरखर येते, तेवढीच. अशा माणसाला आत यायला एकच वाट असते, ती म्हणजे दोन बोलण्यांमधली फट. समोरच्यानं पीटीटी सोडलं की मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि मगच दाबा. रिपीटर बीप देत असेल तर बीप पूर्ण होऊ द्या.

त्या बीपला आणखी एक कारण आहे. रिपीटरमध्ये टाइमर असतो, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांचा. अनेक रिपीटर बीप वाजल्यावरच तो टाइमर शून्यावर आणतात. तुम्ही बीपच्या आधी घुसलात तर आधीच्या माणसाची मिनिटं तुमच्या खात्यात मोजली जातात आणि ऐन बोलण्यात रिपीटर बंद पडतो. ‘रिपीटर मध्येच कापतोय, बघा जरा’ म्हणून मला जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथंच सापडतं. डोंगरावर जाऊन दुरुस्त करण्यासारखं तिथं काहीच नसतं.

आणि फटीत कुणी ‘ब्रेक’ म्हटलं तर आपलं वाक्य कितीही महत्त्वाचं असो, त्याला आधी वाट द्या.

जवळच्या माणसाशी रिपीटरवरून बोलणं

शाहूपुरीतल्यानं राजारामपुरीतल्याशी बोलायला डोंगरावरचं यंत्र तासभर अडकवून ठेवायची गरज नाही. रिपीटर आहे तो गडहिंग्लज, शिरोळ, मलकापूरसारख्या लांबच्या लोकांसाठी आणि गाडीत बसलेल्यांसाठी. बऱ्याच हँडींवर, म्हणजे हातातल्या सेटवर, रिव्हर्सची सोय असते. ती लावली की समोरचा ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय तीच थेट ऐकता येते. तो तिथं स्वच्छ ऐकू आला तर दोघांनी सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटर सोडून थेट सेट-टू-सेट, जावं. ‘मी खाली येतो, तू पण ये’ एवढं सांगून निघायचं.

आपलं जात नाही म्हणजे रिपीटर बिघडला, असं समजणं

नवीन सभासदाचा नेहमीचा प्रश्न: ‘काका, ऐकू येतंय सगळं, पण माझं कुणालाच जात नाही.’ आधी ऑफसेट, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, बघा. आपल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रिपीटर ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतो. म्हणजे समजा तुम्ही १४५.६०० वर ऐकताय, तर बोलताना सेट १४५.००० वर गेला पाहिजे. पीटीटी दाबून डिस्प्लेकडे बघा, आकडा बदलला नाही तर दोष तिथंच आहे. बदलतोय आणि तरी उघडत नाही, तर टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर, लावायचा राहिलाय. ८८.५ च्या जागी ८५.४ निवडलेला मी कितीदा पाहिलाय, यादीत ते शेजारी-शेजारीच असतात. रिपीटर उघडतो पण तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक येतो, तर सेट नॅरोवर (अरुंद चॅनेलवर) आहे, तो वाइडवर (रुंद चॅनेलवर) घ्या.

हे सगळं बरोबर असेल तर जागा बदला. खोलीतून गॅलरीत आल्यावर काम होतं, कारण व्हीएचएफला, म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या लहरींना, समोर मोकळं लागतं. गगनबावड्याच्या बाजूच्या दरीत उभं राहून शहराजवळचा रिपीटर मिळत नसेल तर त्यात कुणाचा दोष नाही, मध्ये डोंगर आहे. उद्यमनगरात वेल्डिंग चालू असेल तेव्हा खरखर वाढते, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबून बघा.

चाचणी करताना नुसतं पीटीटी दाबून सोडू नका. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तो ‘खट्ट’ वाजतो आणि कोण आहे ते कळत नाही. कॉल साइन (परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव) सांगा, ‘चाचणी’ म्हणा, झालं. कॉल साइन सुरुवातीला आणि शेवटी द्यायचीच, बोलणं लांबलं तर दर दहा मिनिटांनीही.

पावसाआधी डोंगर न चढणं

आमच्याकडे एकदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रिपीटरचा पल्ला एकाएकी निम्म्यावर आला. सगळ्यांचा संशय बॅटरीवर. वर जाऊन मोजलं तर बॅटरी ठणठणीत, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) मात्र तीनच्या वर. अँटेनाखालच्या कनेक्टरची टेप कापली आणि थेंब-थेंब पाणी बोटांवर आलं. केबलची तांब्याची जाळी हिरवी पडली होती. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वीतभर केबल कापावी लागली. टेप होती, पण वरून खाली गुंडाळलेली, त्यामुळे प्रत्येक थरानं पाणी आत घेतलं. कौलं घालतात तसं खालून वर यायचं, म्हणजे वरचा थर खालच्यावर बसतो आणि पाणी ओघळून जातं. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी इलेक्ट्रिकची. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवायचा, पाणी तिथंच टपकतं. तेव्हापासून आम्ही मे महिन्यातच एक रविवार वर जातो: कनेक्टर, अर्थिंग, बॅटरीचं पाणी, खांबाचे नटबोल्ट.

हवेवर भांडणं आणि हवेवर धंदा

कुणी चुकला तर त्याला रिपीटरवरून झापू नका. रात्री फोन करा, शक्य असेल तर चहाला बोलवा. विनापरवाना कुणी येऊन शिट्ट्या मारत असेल, शिव्या देत असेल तर त्याला उत्तरच देऊ नका, उत्तरासाठीच तो आलेला असतो. वेळ लिहून ठेवा, आवाज ध्वनिमुद्रित करा आणि हातातल्या यागीनं (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणाऱ्या अँटेनानं) दिशा काढा. फॉक्स हंटचा (लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळाचा) सराव असलेली दोन पोरं क्लबात असली की हे काम सोपं जातं.

धंद्याचं बोलणं नियमातच बसत नाही. ‘कास्टिंग भरलं काय, गाडी सुटली काय’ हे फाउंड्रीवाल्यानं मोबाईलवर विचारावं. राजकारणाचंही तेच.

सगळं एकाच माणसाकडे ठेवणं

रिपीटरच्या खोलीची किल्ली, कंट्रोलरचा पासवर्ड, परवान्याची मूळ कागदपत्रं, वर्गणीची वही, सगळं आमच्याकडे एकाच ज्येष्ठ सभासदाकडे होतं. त्यांनी एकट्यानं वर्षानुवर्षं हे ओझं वाहिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण ते मुलाकडे परगावी गेले असताना रिपीटर अडकला आणि चार दिवस बंद राहिला. आता किल्ल्या तीन आहेत, त्यांतली एक पन्हाळ्याच्या वाटेवर राहणाऱ्या सभासदाकडे. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांना जातो, बॅटरीच्या पावतीच्या फोटोसकट.

दुसरा बदल रात्रीच्या नेटमध्ये केला. पूर्वी ज्येष्ठ आधी बोलायचे, नवीन व्हीयू३ वाले (खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याचे) शेवटी, तोवर त्यांच्या हँडीची बॅटरी आणि धीर दोन्ही संपायचं. आता नेट कंट्रोल आधी हँडीवाल्यांना बोलावतो, मग गाडीतल्यांना, मग गच्चीवर मोठा अँटेना असलेल्यांना. दर तीन नावांनंतर तो पाच सेकंद गप्प राहतो. कुरुंदवाडचा तो पोरगा आता वरच्या, जनरल ग्रेडची परीक्षा देऊन व्हीयू२ झालाय, गुरुवारचं नेट तोच घेतो, आणि त्याचे पाच सेकंद बरेचदा सात होतात.