लर्निंग स्किल घेऊ की नको? आधी हा हिशोब बघा

१ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या मालवणात ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर किनाऱ्याला, बाहेर धो धो पाऊस, आणि घरात एकाच कॉम्प्युटरवर आम्ही चुलतभाऊ हिरोज थ्री या हिरो आणि सैन्य घेऊन लढायच्या गेमचं हॉटसीट लावतो, म्हणजे आळीपाळीने खेळतो, लाईट जायच्या आत सेव्ह करत करत. दरवर्षी कोणीतरी नवा पोरगा हिरोची लेव्हल वाढली की पटकन लर्निंग हे स्किल घेतो, नावच तसं आहे ना, वाटतं आता एक्सपीरियन्स भराभर येणार. म्हणून हे लिहितोय.

स्किलच्या तीन पायऱ्या असतात, आणि लर्निंग बेसिकला ५ टक्के, ॲडव्हान्स्डला १० आणि एक्स्पर्टला १५ टक्के जास्त एक्सपीरियन्स देतं. दहाव्या लेव्हलला एकूण लागतात १४,७०० एक्सपीरियन्स पॉइंट, अकराव्याला १७,५००. आता समजा अगदी पहिल्या लढाईपासून तुमच्याकडे एक्स्पर्ट आहे (नसतंच, पण समजा), तरी १४,७०० चे होतात १६,९०५. म्हणजे अख्खी एक लेव्हलसुद्धा पुढे नाही! बाराव्यानंतर तर प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा २० टक्क्यांनी महाग होत जाते, त्यामुळे पुढेही तेच रडगाणं. आणि एवढ्यासाठी तीन लेव्हल-अप खर्च झाले, वर हिरोच्या स्किलच्या आठ जागांतली एक कायमची अडली, जिथे लॉजिस्टिक्स (हिरोला नकाशावर जास्त लांब चालवणारं) नाहीतर अर्थ मॅजिक (पृथ्वीची जादू) बसलं असतं. मला तरी हा सौदा कधीच पटला नाही.

मग करायचं काय? लेव्हल-अपला एका बाजूला लर्निंग आणि दुसऱ्या बाजूला आधीच्या स्किलची वरची पायरी आली तर निमूट वरची पायरी घ्या. नकाशावरच्या विच हटमध्ये (स्किल शिकवणारी झोपडी) मेन हिरो थेट घुसवू नका, ती विचारत नाही, जे असेल ते स्किल चिकटवूनच टाकते, आधी एखादा साधा हिरो पाठवून बघा काय मिळतंय ते. आणि ट्री ऑफ नॉलेज शक्यतो उशिरा वापरा. ते एक पूर्ण लेव्हल देतं, कुठे फुकट, कुठे २,००० गोल्ड, कुठे १० जेम्स घेऊन, आणि तिसऱ्या लेव्हलपेक्षा पंधराव्याला मिळालेली लेव्हल कितीतरी मोठी असते.

फायर एम्ब्लेम या दुसऱ्या गेममधलं पॅरागॉन हे स्किल मात्र वेगळं, ते मिळालं तर सोडू नका. तिथे प्रत्येक लेव्हल १०० पॉइंटलाच येते आणि पॅरागॉन एक्सपीरियन्स सरळ दुप्पट करतं. ते मागे पडलेल्या गड्याला द्या, आणि शत्रू अर्धमेला झाला की शेवटचा घाव त्यालाच घालू द्या, कारण मारल्याचे पॉइंट नुसत्या वारापेक्षा बरेच जास्त असतात.